खोली दुप्पट दिसते

मध्यंतरी आमच्या घरात संडास नेमका कुठे आहे, हे घाईच्या वेळी मलाही खात्रीने सांगता येत नव्हतं. हसू नका. पन्नाशी ओलांडलेल्या, कचेरीत मुख्य कारकून असलेल्या, हाताखाली चार माणसं बाळगणाऱ्या गृहस्थाने स्वतःच्याच घराच्या बोळात उभं राहून भिंत जागोजाग दाबून पाहावी, ही काही हसण्यासारखी गोष्ट नाही. हल्ली दारं दिसू द्यायची नसतात म्हणे. भिंतीला उभ्या फळ्या ठोकायच्या, दारालाही त्याच फळ्या ठोकायच्या, कडी नाही, मूठ नाही, आणि मग माणसाने अंदाजाने भिंत दाबायची. जागा बरोबर निघाली तर संडास उघडतो. चुकली तर झाडूंचं कपाट उघडतं. माझा मेव्हणा आमच्याकडे आला होता तेव्हा झाडूंच्या कपाटावर टकटक करून बराच वेळ सभ्यपणे बाहेर थांबला होता. आत कोणीतरी असावं अशी त्याची समजूत झाली होती.

हे सगळं आम्ही आईसाठी केलं. लिहिताना कसंसंच होतं, पण खरंच तिच्यासाठीच केलं.

आई विसरायला लागली होती. चष्मा, किल्ल्या, शेजाऱ्यांची नावं, इथपर्यंत ठीक होतं. तेवढं तर आमचे साहेबही विसरतात आणि त्यांना बढती मिळते. मग ती गॅस बंद करायला विसरली. मग जेवलो की नाही हे विसरली. आणि एका सकाळी आमच्या हिने तिच्यापुढे चहाचा कप ठेवला, तर तो घेताना तिने माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "ह्या कोण रे?" हिने हसून साजरं केलं. नंतर स्वयंपाकघरात नळ सोडून रडली.

डॉक्टर म्हणाले, "घर सोपं करा. पायात येणारं सामान काढा. उजेड भरपूर ठेवा." बस, एवढंच. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.

आता ताई. माझी ही थोरली बहीण मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आहे, पण निवृत्त झाल्याचं तिला अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही. ती येऊन कोचावर बसली, आम्हा सगळ्यांना समोर बसवलं आणि म्हणाली, "मी एक जागा बघून ठेवली आहे. लांब आहे, पण स्वच्छ आहे. बाग आहे, नर्स आहे. भाऊ, तुझ्या घरात आईला वळायला जागा नाही. उद्या ती पडली, मोडली, तर कोण बघणार?"

"आई कुठेही जाणार नाही!" मी ओरडलो. हे मी इतक्या जोरात म्हणालो की खालच्या मजल्यावरचे सर्वज्ञ वर आले आणि आई कुठे जाणार नाही याची त्यांनी चौकशी केली.

"ठीक आहे," ताई म्हणाली. "काय फेरफार करायचे ते कर. तोवर आईला मी नेते. मग महिनाभर तुझ्याकडे ठेवू. रुळली, घर ओळखलं, तुम्हाला ओळखलं, तर उत्तमच. नाही तर आपण भावनेच्या आहारी जायचं नाही." ताईच्या बोलण्यात 'आपण' म्हणजे मी.

माझा बेत साधा होता. आईच्या झोपण्याच्या छोट्या खोलीत जरा मोठी खाट, हाताला धरायला एक दांडा, एक चांगला दिवा. दोन सुट्यांत उरकण्यासारखं काम होतं. पण आमच्या घरात एक मुलगी आहे आणि तिच्या हातात फोन आहे. "बाबा, करायचंच आहे तर नीट करूया ना," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक सजावटकार घेऊन आली. त्याने डोक्यावर अंबाडा बांधला होता. खोलीभर फिरला, डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्या भिंतींचा श्वास कोंडलाय."

मी म्हणालो, "ओल आहे."

"ओल नाही काका. सामान. सामान माणसाला मागे खेचतं."

पुढे त्याने मला रंगांच्या पट्ट्या दाखवल्या. सगळे राखाडी. एकाचं नाव 'ओली राख', एकाचं 'धुक्याचा उसासा', एकाचं 'शांत सिमेंट'. मी जरा पिवळसर काही नाही का विचारलं, तर त्याने आणि मुलीने एकमेकांकडे पाहिलं. जणू मी परक्यांपुढे तोंडातली कवळी काढून ठेवली होती. "बाबा, हल्ली असंच असतं," मुलगी म्हणाली. हे वाक्य नंतर आमच्या घरात कायद्यासारखं चालू लागलं. त्यावर अपील नव्हतं.

शेजाऱ्यांना आमच्याकडे काम निघाल्याचं कळायचा अवकाश, जो तो सल्ला घेऊन हजर. सर्वज्ञ म्हणाले, फरशी खरखरीत घ्या. त्यांच्या काकांकडे इतकी खरखरीत आहे की काका घसरणं शक्यच नाही, फक्त तळपाय सोलून निघतात. समोरच्या बाई म्हणाल्या, आपोआप चालणारा नळ बसवा, हात पुढे केला की पाणी येतं. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ, जे गेली कित्येक वर्षं माझ्याशी जिन्यातसुद्धा बोलत नव्हते, ते मुद्दाम खाली आले आणि "कशाला खर्च करता? ह्या वयात त्यांना काय कळणार आहे," असं सांगून गेले. मी त्यांना बसा म्हणालो नाही. एरवी मी फार अगत्यशील माणूस आहे.

खरं घोडं अडलं ते भिंतीपाशी. आईची खोली इतकी अरुंद की खाट ठेवली की तिला हाताला धरून चालवणारा माणूस मावेना. मधली भिंत हातभर सरकवली असती तर सगळं जमलं असतं. सोसायटीच्या अध्यक्षांनी महापालिकेकडे बोट दाखवलं. महापालिकेतल्या साहेबांनी इमारतीचा मूळ नकाशा मागितला. नकाशा सोसायटीकडे नव्हता, बांधणाऱ्याकडे असावा, आणि बांधणारा हे जग सोडून गेलेला. शेवटी त्याच कचेरीच्या माळ्यावर, साहेबांच्या डोक्याच्या बरोबर वर, तो सापडला. साहेबांनी तो टेबलावर पसरला, बराच वेळ निरखला आणि खिन्नपणे मान हलवली.

"ह्या नकाशात ही भिंतच नाहीये."

"मग तर उत्तमच," मी म्हणालो. "पाडू द्या."

"जी भिंत कागदावर नाही ती पाडायला परवानगी कशी देणार?"

"म्हणजे परवानगी लागणार नाही?"

"लागणार तर! विनापरवाना पाडलीत तर कारवाई होईल."

"पण भिंत नाहीच आहे ना?"

"नाहीच आहे," साहेब म्हणाले. "म्हणून तर अडचण आहे."

मी स्वतः सरकारी नोकर आहे, त्यामुळे ह्या उत्तरातली सफाई मला कळली आणि आणखीनच राग आला. चार हेलपाटे घातले, साहेबांपुढे हात जोडले, एकदा आवाजही चढवला. तेव्हा शिपायाने मला खांद्याला धरून बाहेर नेलं आणि पाणी पाजलं. माझ्या कचेरीत मी कितीतरी लोकांना असं पाणी पाजायला सांगत आलो आहे.

मी हात टेकले. सजावटकाराने टेकले नाहीत. अंबाडा सोडून पुन्हा बांधत तो म्हणाला, "भिंत पाडता येत नाही ना? मग आपण ती नाहीशी करू." आणि त्याने सुचवलं की त्या भिंतीला टोकापासून टोकापर्यंत आरसा लावायचा. फरशीपासून छतापर्यंत एकच सबंध आरसा. "खोली दुप्पट दिसते," तो म्हणाला. मुलीने टाळ्या वाजवल्या. मला ती युक्ती पसंत पडली हेही सांगून टाकतो. त्या महापालिकेच्या नाकावर टिच्चून भिंत घालवल्याचा मला आनंद झाला होता.

आरसा लिफ्टमध्ये मावेना. सहा माणसांनी तो जिन्याने चढवला. प्रत्येक मजल्यावर दारं उघडून लोक बाहेर येत, आरशात बघून केस सारखे करत आणि मग हळू, सांभाळून, असं ओरडत. सर्वज्ञ पुढे चालून तो कसा कलता करायचा ते शिकवत होते. मध्येच त्यांना त्यात स्वतःचं सबंध रूप दिसलं. ते थांबले. "मी इतका वाळलोय?" त्यांनी मला विचारलं. मी नाही नाही म्हणालो, पण तो गृहस्थ त्या दिवशी पुन्हा एक शब्द बोलला नाही.

ताईकडे आई पाच-सहा महिने राहिली, कारण दोन सुट्यांचं काम तेवढं चाललं. ह्या काळात प्लंबर आमच्या नव्या न्हाणीघरात अडकला. आतूनही दार दिसत नव्हतं. सुताराने लावलेली कपाटं दाबली की उघडत आणि पाठ टेकली तरी उघडत, त्यामुळे भिंतीला टेकून उभं राहिलेल्या माणसाच्या मागून आमचे कपडे बाहेर पडत. आईचं शिसवी कपाट, तिची वेताची खुर्ची, दारामागची खुंटी, तिच्या खाटेखालची पत्र्याची पेटी, सगळं गेलं. कुठे गेलं ते विचारू नका. एक माणूस हातगाडी घेऊन आला आणि आभार मानून घेऊन गेला. घर असं मोकळं झालं की आम्ही बोललो तरी आवाज घुमायचा. मी सोफ्यावर बसून सगळीकडे नजर फिरवली आणि मला फार अभिमान वाटला.

मग ताई आईला घेऊन आली.

आई दारात उभी राहिली. थकली होती, पण केस नीट विंचरलेले होते आणि स्वेटरची बटणं वरपर्यंत लावलेली होती. तिने आत पाहिलं.

"छान आहे हो," ती म्हणाली. "कोणाचं घर?"

"आई, आपलं."

"हो का?" फुशारकी मारणाऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडू नये, एवढ्या सौजन्याने ती म्हणाली. मग सोफ्याच्या अगदी कडेवर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि पिशवीचे बंद हातात धरून ठेवले. चहा घेतला. मुलीच्या केसांचं कौतुक केलं. कप खाली ठेवून म्हणाली, "येऊ का मग? घरी वाट बघत असतील."

 ताईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या शाळेतली पोरं ह्या नजरेला का घाबरत असतील ते मला त्या वेळी कळलं.

आमच्या न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी सजावटकाराने काळ्या चकचकीत दगडाची एक पट्टी बसवली होती. उठाव यावा म्हणून. आई त्या पट्टीपाशी आली आणि थबकली. "इथे खड्डा आहे," ती म्हणाली. आम्ही सगळे त्या पट्टीवर उभे राहिलो, नाचलो, मी तर उड्याही मारल्या. आई माझ्याकडे काळजीने बघत होती. शेवटी पट्टीवर जुनी चादर टाकली तेव्हा पलीकडे गेली, तर तिथे नळाला फिरवायला काही नाही. ती नळाशेजारची भिंत चाचपत राहिली. आपोआप येणारं पाणी तिचे हात पुढे नसताना येत होतं आणि ती हात पुढे करी तेव्हा थांबत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कचेरीतून जेवायला घरी आलो, तर आई बोळात फळ्यांच्या भिंतीसमोर उभी होती. पाय जवळ घेऊन, पिशवी पोटाशी धरून. तिला जायचं होतं आणि दार दिसत नव्हतं. जन्मभर तिला परक्याच्या घरी संडास कुठे आहे हे विचारायचा संकोच वाटत आला, आणि हे आता परक्याचं घर होतं. मी धावेपर्यंत उशीर झाला होता. ही स्वयंपाकघरातून आली. आईने खाली बघितलं, मग हिच्याकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, "माफ करा हं बाई. तुमची नवी फरशी खराब झाली."

ही तीस वर्षं आईची सून आहे. तिने आईला आत नेलं, धुतलं, कपडे बदलले, खाटेवर बसवलं. मग बाहेर येऊन माझ्यासमोर हात पसरला. "हातोडी."

"अगं, पण सुताराला बोलावू—"

"मला त्या दाराला मूठ पाहिजे. आत्ता."

मूठ तिरकी बसली. एक फळी चिरली. पण त्या घरात एवढी सुंदर वस्तू तोवर दुसरी नव्हती. संध्याकाळी मी लाल रंगाचा डबा आणला आणि संडासाचं दार स्वतः रंगवलं. मग न्हाणीघराचं हिरवं केलं. काळी पट्टी उखडली, तिथे सिमेंट थापलं. जुन्या पद्धतीचा फिरकीचा नळ बसवला. कपाटांवर मुलीने मोठमोठी चित्रं काढून चिकटवली, कपड्यांचं, चपलांचं, चादरींचं. काढता काढता ती म्हणाली, "बाबा, मी चुकले ना?" मी म्हणालो, "हल्ली असंच असतं." तिला हसू आलं नाही, मलाही आलं नाही.

सजावटकार फोटो काढायला आला आणि बोळात मटकन खाली बसला. "काका, माझ्या भिंतीचं काय केलंत हे?"

"आमच्याकडे संडास आहे, हे जाहीर केलं," मी म्हणालो.

एवढं होऊनही आईची पिशवी मांडीवरून खाली उतरली नाही. ती इतकी वर्षं कपाटाच्या कडेला हात लावून वळायची, खुर्चीची पाठ धरून उठायची, खुंटीवरचा स्वेटर दिसला की सकाळ झाली असं समजायची. तिला घर डोक्याने ओळखता येत नव्हतंच, हातांनी येत होतं. आम्ही ते हातगाडीवर घालून दिलं होतं. मी त्या हातगाडीवाल्याचा शोध घ्यायला बाजारात दोनदा जाऊन आलो. एका दुकानात तसंच कपाट होतं, पण ते दुसऱ्याच कोणाच्या तरी आईचं होतं.

आणि मग ती आरशातली बाई आली.

पहिल्यांदा आई चिडली. "त्या समोरच्या बाईंना सांगा हो कुणीतरी," ती मला म्हणाली, "सारखं टक लावून बघत बसतात. बरं दिसतं का?" मी तिला आरशाला हात लावायला लावला. तिने काचेवर बोटं टेकवली, पलीकडून बाईने टेकवली, आणि आईचा राग विरघळला. "त्यांचेही हात गारच आहेत," ती म्हणाली. त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. आई सकाळी उठली की आधी तिला नमस्कार करायची. चहाबरोबर बिस्कीट मिळालं की एक तिच्यापुढे धरायची. तीही धरायची. "आधी तुम्ही घ्या," आई म्हणायची. बराच वेळ कोणीच घ्यायचं नाही. "फार संकोची आहेत," आई आम्हाला सांगायची. "माझ्यासारख्याच." खोली दुप्पट दिसेल असं सजावटकार म्हणाला होता. त्यात राहणारीही दुप्पट होईल हे त्याच्याही ध्यानात आलं नसावं.

सर्वज्ञ म्हणाले, झाकून टाका, हे काही बरं लक्षण नव्हे. डॉक्टरही फोनवर म्हणाले की साधारणपणे अशा वेळी आरसे झाकतात. आम्ही शहाण्या माणसांसारखी त्यावर चादर लावली. आई खाटेवर बसून चादरीकडे बघत राहिली. "त्या गेल्या का हो?" तिने विचारलं. "सांगूनसुद्धा गेल्या नाहीत." मग जेवेना. ताट पुढे केलं की तोंड फिरवायची. आम्ही तिचे होतो आणि तिला आमच्यातलं कोणी नको होतं, काचेतली एक म्हातारी हवी होती. मला इतका राग आला की मी बोळात जाऊन झाडूंच्या कपाटाला लाथ मारली. ते उघडलं. शेवटी चादर मलाच काढावी लागली, ह्या माझ्याच हातांनी. आई एकदम फुलली. "आलात?" ती म्हणाली. "जेवलात का?" आणि स्वतः जेवली.

मी रोज कचेरीतून आलो की हातपाय धुऊन तिच्याशेजारी खाटेवर बसू लागलो. तिचा हात हातात घ्यायचा आणि दोघांनी समोर बघत बसायचं. एका संध्याकाळी ती आरशातून माझ्याकडे बघून हसली. ओळखीचं, लाडाचं हसू. लहानपणी मी शाळेतून यायचो तेव्हा दारात उभी राहून हसायची ते. दुसऱ्या दिवशीही हसली. मी बाहेर धावत आलो, हिला सांगितलं, मुलीला सांगितलं, ताईला फोन केला. "आईने मला ओळखलं!"  ताई म्हणाली, "येते मी रविवारी. महिना होतोच आहे."

रविवारी ताई आली. लाल दार, हिरवं दार, तिरकी मूठ, चिरलेली फळी, भिंतींवर चपलांची चित्रं, सगळं तिने चष्म्यातून तपासलं आणि शेरा न मारता आईच्या खोलीत आली. मी आईशेजारी माझ्या जागेवर बसलो, तिचा हात हातात घेतला. ताई समोर उभी राहिली.

"आई, हा कोण आहे?"

आईने वळून माझ्याकडे पाहिलं.  दहावीच्या निकालालाही मी इतका घाबरलो नव्हतो.

"हे होय?" आई म्हणाली. "हे घरमालक. भला माणूस आहे. दारं तेवढी कुठेही आणि कसलीही लावतात, पण भला आहे."

ही दारात उभी होती, ती आत निघून गेली.  ताईने पर्स उघडली आणि फोन काढला.  तिलाही हे सोपं नव्हतं, हे मला कबूल करायला हवं. "भाऊ," ती म्हणाली, "तू पुष्कळ केलंस. पण तिला कळत नाही रे. इथे काय आणि तिथे काय, तिला सारखंच. निदान तिथे नर्स तरी आहे. मी त्यांना उद्याचं सांगते."

"कुठे जायचंय का?" आईने विचारलं.

"हो आई. छान जागा आहे. बाग आहे."

"चला की." आईने पिशवी सारखी केली. "माझं काय, मी कुठेही राहीन." मग आरशाकडे हनुवटीने खूण करून हळू आवाजात म्हणाली, "पण त्या बाईंना हलवू नका हं इथून. त्यांचं फार छान चाललंय."

"कोणाचं?"

"त्या काय, समोरच्या. त्यांचा मुलगा बघा ना. रोज येतो. दमून येतो बिचारा, तोंडावर दिसतं, पण आला की आधी त्यांच्याजवळ बसतो. हात धरून. एक दिवस चुकवला नाही. मी त्याला बघून हसते कधीकधी. म्हटलं, आईला इतका जपतो, कोणीतरी शाबासकी द्यायला हवी." ती आरशात बघून हसली. तेच हसू. "त्यांना नशिबाने मिळालाय हो असा मुलगा."

ताईने वळून आरशात पाहिलं. तिथे एक म्हातारी बाई होती, पोट सुटलेला, टक्कल पडलेला एक माणूस तिचा हात धरून बसला होता आणि त्याला रडू आवरत नव्हतं.  मग तिने फोन पर्समध्ये ठेवला, पर्स बंद केली आणि वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाली, "राहू दे."

"काय?"

"त्या बाईंना राहू दे इथेच. आणि त्यांच्या सोबतीला आईही राहील." एवढं बोलून ती तोंड धुवायला बाहेर गेली. बोळात तिने हिरवं दार उघडल्याचं ऐकू आलं. चुकली नाही.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. आई माझ्याकडे वळली. घरमालकाकडे.

"तुम्हाला आई आहे का हो?"

"आहे," मी म्हणालो.

"कुठे असते?"

"इथेच. जवळच."

"मग परक्यांत काय बसलात?" ती म्हणाली. तिने माझा हात सोडवून माझ्याच मांडीवर ठेवला आणि वर दोनदा थोपटलं. "जा. तिच्याजवळ बसा थोडं. वाट बघत असेल."

मी हो म्हणालो. उठलो, आणि खाटेला वळसा घालून तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो.